जुन्या सेक्स्टंटचा आरसा बदलावा का? मदत हवी आहे

मंडळी, पितळी चौकटीचा जुना सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजायचं जहाजावरचं उपकरण) हाती आलाय. मायक्रोमीटर ड्रम (कोनाची मिनिटं वाचायची फिरती चकती) नाही. व्हर्नियर पट्टी (मुख्य खुणांमधला बारीक भाग वाचायची सरकती पट्टी) आणि ती वाचायला छोटं भिंग आहे. अडचण क्षितिज-आरशाची, म्हणजे दुर्बिणीसमोरच्या स्थिर आरशाची. कडेचा मुलामा उडालाय, काळे ठिपके पडलेत. काटा शून्यावर ठेवून दुर्बिणीतून पाहिलं तर क्षितिजाची रेघ सलग न दिसता मध्येच पायरी पडते. मागचे स्क्रू फिरवून ही चूक निघेल, की आधी आरसाच नवा बसवावा? कोनात १ मिनिटाची चूक म्हणजे समुद्रात जवळपास १ सागरी मैलाचा फरक, म्हणून नीट करायचंय. स्क्रू अगदी घट्ट बसलेत, त्यांत कोणतं तेल सोडावं? कमानीवरच्या चांदीच्या पट्टीला पॉलिश घासायचा सल्ला मात्र कृपया नको, बारीक खुणाच पुसल्या जातील!