‘आम्ही फक्त तिथला कायदा पाळतो’ असं परदेशात धंदा करणाऱ्या टेक कंपन्या म्हणतात : पटतं का?

खोडरबर: जानेवारी २००६ मध्ये गूगलनं चीनसाठी वेगळं सर्च काढलं, सरकारला नको ते गाळून देणारं. गंमत म्हणजे काय गाळायचं याची यादी सरकारनं हातात दिलीच नव्हती. गूगलनं चीनमध्ये संगणक बसवला, कुठल्या साइट्स अडतात ते तपासलं आणि यादी स्वतःच तयार केली. याला कायदा पाळणं म्हणायचं? साहेबानं सांगण्याआधीच वाकणं झालं हे.

व्यवहारी: असहमत. त्याआधी गूगल तिथं रखडत चालायचं, २००२ मध्ये तर काही दिवस बंदच होतं. नव्या सर्चमध्ये निकाल गाळले की खाली तशी सूचना यायची. काहीतरी लपवलंय एवढं तरी लोकांना कळत होतं! २०१० मध्ये गूगल बाहेर पडलं आणि बायदू या चिनी सर्चला रान मोकळं झालं. वाचणाऱ्याच्या पदरात काय पडलं?

खोडरबर: सूचनेचं मान्य. पण २०१८ मध्ये गूगलमध्ये ‘ड्रॅगनफ्लाय’ नावानं चीनसाठी तसलंच सर्च पुन्हा गुपचूप बनत होतं, ते कोणाच्या भल्यासाठी? कंपनीतल्याच लोकांनी बोंब मारली.

तिसरीच: तुम्ही दोघं सर्चमध्येच अडकलात. निकाल गाळणं एक वेळ सोडा, माणूस दाखवून देण्याचं काय? शी ताओ या चिनी पत्रकारानं २००४ मध्ये तिआनमेनच्या (१९८९ मध्ये लष्करानं चिरडलेल्या आंदोलनाच्या) स्मृतिदिनाबद्दलच्या सरकारी सूचना याहूच्या ईमेलवरून बाहेर पाठवल्या. याहूनं खात्याची माहिती दिली, त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. गूगलनं २००६ मध्ये सर्च नेलं तेव्हा जीमेल चीनमध्ये नेलंच नाही, ते याच भीतीनं.

व्यवहारी: याहूची बाजू मी घेणारच नाही. पण सप्टेंबर २०२१ चं रशियाचं बघा. विरोधी नेते नवाल्नी यांच्या गटाचं, कोणाला मत द्यायचं ते सुचवणारं अ‍ॅप गूगल आणि अ‍ॅपल दोघांनी आपापल्या स्टोअरमधून काढलं. तिथल्या कर्मचाऱ्यांवर खटले भरू अशी धमकी होती, अशा बातम्या होत्या. तत्त्वं सांगतं मुख्यालय, पोलीस येतात तिथल्या कर्मचाऱ्याच्या दारात.

खोडरबर: म्हणजे ओलीस आपणच नेऊन द्यायचे आणि मग हात बांधलेत म्हणायचं! अ‍ॅपलनं २०१७ मध्ये चीनमधल्या स्टोअरमधून व्हीपीएन अ‍ॅप्स (अडवलेल्या साइट्स उघडून देणारी) काढली, २०१८ मध्ये तिथल्या लोकांचा आयक्लाउड डेटा (अ‍ॅपलकडे ऑनलाइन साठवलेला) ग्वेझोउ प्रांतातल्या सरकारी कंपनीकडे सोपवला. दरवेळी एकच पायरी, म्हणून कोणी ओरडत नाही.

व्यवहारी: बहुतेक आयफोन जुळवले जातात चीनमध्ये. मग अ‍ॅपलनं उद्या गाशा गुंडाळायचा?

तिसरीच: उद्या नको हो. पण तिसऱ्या पायरीवर उभं राहून पहिलीबद्दल भांडण्यात काय अर्थ आहे? याहूनं आधी मेलसेवा तिथं नेली, ती पहिली पायरी; मग पोलीस आले.