एसएमएस कंपनी बदलली की दर काढणारा कोडही उसवायचा का?

पंचगंगाकाठ: दूध संकलन केंद्रांसाठी आमचं सॉफ्टवेअर आहे, जावा आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर. फॅट-एसएनएफवरून (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले घन घटक) दर काढायचा, पावती द्यायची, उत्पादकाला एसएमएस करायचा. आता एसएमएस पुरवणारी कंपनी जुना एपीआय (आमच्या कोडने तिच्या सेवेशी बोलायची सोय) बंद करतेय आणि तिच्या लायब्ररीचे क्लास थेट दर काढणाऱ्या फाइलपर्यंत घुसलेत. सगळंच इंटरफेसमागे (काय करायचं ते सांगणारा, कसं ते लपवणारा कोड) टाकू का? डेटाबेससुद्धा?

खटपट्या: सगळं नको. आधी दराचा भाग मोकळा करा. लिटर, फॅट, एसएनएफ, दरपत्रक आत जाईल, रक्कम बाहेर येईल. त्या पॅकेजमध्ये बाहेरच्या लायब्ररीची एकही इम्पोर्ट ओळ नको. अ‍ॅलिस्टर कॉकबर्न यांनी 2005 मध्ये लिहिलेलं ‘पोर्ट्स अँड अडॅप्टर्स’ (आतल्या कोडचे ठरलेले दरवाजे आणि त्यांना बाहेरच्या सेवा जोडणारे तुकडे) ते हेच.

खरी मेख इंटरफेस कोणाच्या भाषेत लिहिता यात आहे. ‘एसएमएस पाठव: टेम्प्लेट आयडी, मोबाइल, मजकूर’ असा लिहिलात तर काहीच सुटलं नाही. डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचे मजकूर नोंदवायची यंत्रणा) नोंदवलेला टेम्प्लेट आयडी ही एसएमएसची भानगड आहे, दुधाची नाही. आतून फक्त ‘संकलन कळव: पावती’ एवढंच जाऊ दे. आयडी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), पुन्हा पाठवणं हे सगळं अडॅप्टरने बघावं.

डेटाबेस उद्या बदलेल म्हणून आज राबू नका. ओरॅकल डेटाबेस रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) नल, म्हणजे मूल्यच नाही असं धरतो, पोस्टग्रेस धरत नाही. असले फरक इंटरफेसमधूनही झिरपतात. एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) एका जागी ठेवा आणि पोस्टग्रेसच्या सोयी बिनधास्त वापरा.

रात्रपाळी: एक भर घालतो. मार्च 2024 मध्ये रेडिसने (मेमरीत डेटा ठेवणारा सर्व्हर) लायसन्स बदललं, मग त्याच्याच जुन्या कोडवरून लिनक्स फाउंडेशनकडे व्हॅल्की उभं राहिलं. आम्ही सर्व्हरचा पत्ता बदलला, क्लायंट लायब्ररी तीच ठेवली, कारण प्रोटोकॉल (सर्व्हरशी बोलायची ठरलेली पद्धत) तोच आहे. स्वतःचं वेष्टण लिहिण्याआधी असा सामाईक प्रोटोकॉल आहे का ते बघा. एसएमएसवाल्यांचे एचटीटीपी एपीआय मात्र ज्याचे त्याचे वेगळे, तिथे अडॅप्टरला पर्याय नाही.

पंचगंगाकाठ: फाइल उघडून बसलोय. सकाळ की संध्याकाळ हे ठरवायलाही आतच ‘लोकलटाइम.नाऊ’ (आत्ताची वेळ देणारी जावाची सोय) आहे. तेही काढू?

खटपट्या: काढाच. घड्याळसुद्धा बाहेरचंच. वीज नव्हती म्हणून सकाळचं संकलन दुपारी भरणारी केंद्रं असतीलच ना? सत्र नोंदीसोबतच आत येऊ द्या.