मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या संचालक मंडळासाठी बडोद्यातून उमेदवारी करावी का?

सुरसागर

बडोद्यात मुक्त सॉफ्टवेअरचे (कोणालाही वापरता, तपासता आणि बदलता येणाऱ्या प्रोग्रॅमांचे) मराठीकरण आणि चाचणी करणाऱ्या आमच्या लहानशा गटातील एक सहकारी ग्नोम फाउंडेशनच्या संचालक मंडळाची निवडणूक लढवण्याचा गंभीरपणे विचार करत आहेत. ग्नोम हा लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या असंख्य संगणकांवर दिसणारा डेस्कटॉप आहे. त्याच्या पाठीशी उभी असलेली ही ना-नफा संस्था 2000 साली स्थापन झाली आणि तिची नोंदणी कॅलिफोर्नियात आहे. या उमेदवारीवरून गटात सरळ दोन तट पडले आहेत, म्हणून विषय येथे मांडतो. त्यांनी उभे राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले कारण मतदार यादीचे. या संस्थेचे सभासदत्व वर्गणी भरून मिळत नाही, केलेल्या कामावर मिळते आणि दर दोन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. हे काम प्रोग्रॅम लिहिण्याचेच असावे अशी अट नाही. भाषांतर, दस्तऐवज लिहिणे, संमेलनाची व्यवस्था पाहणे हेही त्यात धरले जाते. मराठी भाषांतरकाराच्या मताची किंमत बोस्टनच्या प्रोग्रॅमरच्या मताइतकीच राहते. हे सर्वत्र असेच असते असे कोणी समजू नये. 1985 साली स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये वर्गणी भरणाऱ्या सहयोगी सभासदांना संचालक निवडण्याचा अधिकार नाही, आणि लिनक्स फाउंडेशनने वैयक्तिक सभासदांचा आपला प्रतिनिधी मंडळावर निवडून देण्याचा अधिकार 2016 मध्ये नियम बदलून काढून घेतला. जेथे हा अधिकार शिल्लक आहे तेथे तो न वापरणे मला पटत नाही.

दुसरे कारण मंडळाच्या कामाचे. कोणते बटण कोठे असावे हे मंडळ ठरवत नाही. पैसा, कर्मचारी, करार, बोधचिन्हाचे हक्क आणि न्यायालयीन लढाया हे त्याचे क्षेत्र आहे. 2019 मध्ये रॉथ्सचाइल्ड पेटंट इमेजिंग या कंपनीने शॉटवेल या छायाचित्रांच्या प्रोग्रॅमवरून फाउंडेशनवर पेटंटचा दावा लावला, तेव्हा पाच आकडी डॉलरची रक्कम देऊन प्रकरण मिटवण्याचा मार्ग मोकळा होता. संस्थेने तो नाकारला, 4000 हून अधिक देणगीदारांकडून दीड लाखांहून अधिक डॉलर उभे केले आणि मे 2020 मध्ये अशी तडजोड मिळवली की त्या पेटंटधारकाने मान्यताप्राप्त मुक्त परवान्याखालील कोणत्याही सॉफ्टवेअरवर आपल्या पेटंटांचा दावा न लावण्याचे कबूल केले. त्या तडजोडीचा लाभ ग्नोमशी काहीही संबंध नसलेल्या प्रकल्पांनाही मिळाला. असे निर्णय घेणाऱ्या टेबलाभोवती आपल्याकडचे कोणीतरी असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

मांजलपूर

आपण दिलेली माहिती बरोबर आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार संचालकाची निष्ठा संस्थेशी असते. प्रदेशाशी, भाषेशी किंवा मत देणाऱ्या गटाशी नसते. समजा, उद्या भाषांतराच्या एखाद्या योजनेला पैसे द्यायचे की कर्मचाऱ्यांचे पगार सांभाळायचे असा प्रश्न आला, तर आपल्या सहकाऱ्यांना संस्थेचे हित पाहूनच मत द्यावे लागेल आणि ते बहुधा भाषांतराच्या विरुद्ध असेल. मग “आपल्याकडचे कोणीतरी” या शब्दांना अर्थ काय उरतो?

आपल्या या सहकारी आज जे काम करतात ते पाहा. नव्या आवृत्तीत कोणताही फाँट आला की त्या तऱ्हा, दऱ्या, वाऱ्यावर, पुढाऱ्यांनी अशा शब्दांची यादी प्रत्येक आकारमानात उघडून पाहतात, कारण कित्येक फाँटांत आडवा र नीट बसत नाही. कधी र आणि हलन्त सुटे दिसतात, तर कधी पुढच्या अक्षरावर रफार चढतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. ही चूक परदेशातील प्रोग्रॅमरला दिसूच शकत नाही, आणि आपल्या लोकांना दिसली तरी ते नोंदवत नाहीत. दोन वर्षे मंडळावर गेल्यानंतर हे काम कोण करणार आहे, याचे उत्तर गटातील कोणीही दिलेले नाही. जागतिक वेळेनुसार 16:00 ची बैठक आपल्याकडे रात्री साडेनऊला येते आणि 20:00 ची दीड वाजता. नोकरी सांभाळून हे करणाऱ्या माणसाकडून सकाळी कोणते मराठीकरण होईल?

ताकद लावायचीच असेल तर येथे, आपली स्वतंत्र संस्था उभी करण्यात लावावी. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी याच शहरात 1889 साली अन्योन्य सहाय्यकारी मंडळी उभी केली, तेव्हा देशात सहकाराचा कायदाही नव्हता. तो 1904 साली आला. कायदा येण्याची वाट न पाहता संस्था उभी करणारी माणसे ज्या गावात होती, त्या गावाने परदेशी संस्थेतील एका खुर्चीला एवढे महत्त्व का द्यावे?

कारेलीबाग

मांजलपूर यांच्याशी सहमत आहे, आणि एक गोष्ट अधिक स्पष्टपणे मांडतो. ज्यांचा पगार एखादी मोठी कंपनी याच कामासाठी देते, त्यांना बैठकीची तयारी कामाच्या वेळेत करता येते. आपल्या सहकारी ती रविवारी करणार. अशा असमान स्थितीत एक भारतीय नाव मंडळावर आले की संस्थेच्या अहवालात विविधतेचा एक परिच्छेद वाढतो, आणि निर्णय मात्र आधी घेत होते तेच लोक घेत राहतात. आपल्या सहकाऱ्यांच्या कष्टाचा असा उपयोग व्हावा, हे मला मान्य नाही.

सुरसागर

कारेलीबाग, आपली शंका रास्त आहे आणि संस्थांच्या नियमांतही तिची दखल घेतलेली आहे. ग्नोमच्या उपविधीनुसार एकाच कंपनीशी संबंधित व्यक्तींना मंडळाच्या 40 टक्क्यांहून अधिक जागा घेता येत नाहीत. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरच्या पाठीशी असलेल्या, 2012 साली बर्लिनमध्ये नोंदल्या गेलेल्या डॉक्युमेंट फाउंडेशनमध्ये ही मर्यादा एक तृतीयांश आहे. पण कंपन्यांबाहेरची माणसे उभीच राहिली नाहीत तर हे नियम केवळ कागदावर राहतात. मग एका कंपनीऐवजी तीन कंपन्यांची माणसे बसतात आणि नियमाचे पालनही होते. रविवारच्या वेळेतून काम करणारा संचालक कमी उपयोगाचा ठरतो, असे आपण गृहीत धरले आहे. माझ्या मते स्वयंसेवकाचा वेळ कशात जातो आणि कशात वाया जातो हे त्यालाच नेमके ठाऊक असते, आणि ही संस्था स्वयंसेवकांवरच चालते.

मांजलपूर, निष्ठेचा मुद्दा मी नाकारत नाही. मंडळावर गेलेली व्यक्ती मराठीची वकील नसेल, विश्वस्त असेल. मात्र संस्थेचे हित कशात आहे हे ठरवतानाच दृष्टी कामी येते. संमेलन कोठे भरवायचे, प्रवासखर्चाची मदत आगाऊ द्यायची की खर्च झाल्यावर परत करायची, असे प्रश्न वरवर किरकोळ दिसतात. ज्याला युरोपच्या तिकिटाचे पैसे आधी स्वतःच्या खात्यातून भरावे लागतात आणि व्हिसासाठी अहमदाबादच्या फेऱ्या माराव्या लागतात, त्याला त्यांचे वजन वेगळे जाणवते. हे ज्ञान मंडळासमोर मांडणे संस्थेच्या हिताचेच आहे.

न्यायमंदिर

मी करसल्लागार आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी न आलेल्या काही व्यावहारिक गोष्टी मांडतो.

येथे स्वतंत्र संस्था काढण्याची सूचना चांगली आहे. परंतु तिला परदेशी फाउंडेशनकडून निधी मिळेल या आशेवर ती काढू नये. परदेशी अंशदानाच्या कायद्याखाली नोंदणी हवी असेल तर संस्था सामान्यतः तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत तिने मुख्य उद्दिष्टांवर किमान 15 लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. 2020 च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच जमा व्हावा लागतो, आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. शब्दांच्या याद्या तपासणाऱ्या गटाला हा सारा भार पेलणे अवघड आहे.

संचालकपदाबाबत माझा सल्ला असा की नोकरीच्या करारात बाहेरचे पद स्वीकारण्याविषयी काय लिहिले आहे ते आधी वाचावे आणि परवानगी लेखी घ्यावी. ती तोंडी असून चालत नाही. खजिनदारपद मात्र विचार करूनच घ्यावे. परदेशातील बँक खात्यावर सही करण्याचा अधिकार भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडे आला, तर खात्यातील एक पैही तिची नसली तरी त्याची नोंद आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात करावी लागते, आणि ती राहून गेल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाख रुपयांच्या दंडाचा प्रश्न उभा राहू शकतो. संचालकांच्या दायित्वाचा विमा संस्थेने काढला आहे का, आणि अमेरिकेबाहेर राहणाऱ्या संचालकाला तो लागू होतो का, हेही उमेदवारीआधी लेखी विचारावे. हे प्रश्न विचारल्याने उमेदवाराचे वजन वाढते, असा माझा अनुभव आहे.

अलकापुरी

मी उमेदवारीच्या बाजूने आहे, पण सुरसागर यांनी निवडलेले उदाहरण मला सोयीचे वाटते. पेटंटची लढाई जिंकली गेली, म्हणून ती सांगायला बरी वाटते. उमेदवाराने 2014 चे प्रकरण अभ्यासावे.

महिलांना मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात आणणारा, आज आउटरीची या नावाने ओळखला जाणारा उपक्रम तेव्हा ग्नोम फाउंडेशन चालवत असे. इतर संस्थाही त्यात सहभागी होत्या. त्यांच्या वाट्याचे विद्यावेतन फाउंडेशन आधी देत असे आणि त्यांच्याकडून मागाहून वसूल करत असे. उपक्रम यशस्वी झाला, सहभागी वाढले, बिले पाठवणे आणि वसुली मागे पडली. परिणामी 2014 च्या एप्रिलमध्ये संस्थेला अत्यावश्यक नसलेला सर्व खर्च थांबवावा लागला. संस्था दिवाळखोर नव्हती. येणे होते, पण हातात रोकड नव्हती. पुढच्या वर्षी तो उपक्रम सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या दुसऱ्या ना-नफा संस्थेकडे गेला. मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते की यात कोणाचीही लबाडी नव्हती. चांगल्या हेतूच्या, सर्वांना अभिमान वाटणाऱ्या कामाचा हिशेब कडकपणे विचारायला माणसे संकोचतात, आणि नेमक्या त्याच वेळी विचारणारा संचालक लागतो.

दहा वर्षांनी, 2024 मध्ये, तुटीची अंदाजपत्रके आणखी चालवता येणार नाहीत म्हणून याच संस्थेला कर्मचारी कमी करावे लागले. गंगाजळी किती महिन्यांच्या खर्चाइतकी असावी आणि ती कोणत्या पातळीखाली गेली की मंडळाने थांबा म्हणावे, हा या संस्थेपुढचा खरा प्रश्न आहे. बडोद्यात वाचनालयांचे आणि मंडळांचे हिशेब चॅरिटी कमिशनरकडे वर्षानुवर्षे सादर करणारी कितीतरी मराठी माणसे आहेत. त्यांच्यापैकी कोणीही ताळेबंद हातात घेतल्यावर प्रथम येणे आणि रोकड पाहतो. आपल्या सहकाऱ्यांनी अशा एखाद्या व्यक्तीबरोबर बसून फाउंडेशनची मागची विवरणपत्रे वाचावीत. अमेरिकेतील अशा संस्थांची नमुना 990 ही विवरणपत्रे सार्वजनिक असतात, त्यामुळे त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ती वाचून झाल्यावर उभे राहावेसे वाटले तर अवश्य राहावे.

कारेलीबाग

अलकापुरी यांच्या लिखाणाने माझा आक्षेप दूर झालेला नाही, उलट वाढला आहे. भाषांतर आणि फाँटची चाचणी उत्तम करणाऱ्या व्यक्तीने गंगाजळीचे धोरण का शिकावे? हिशेबाची माणसेच हवी असतील तर संस्थेने ती बाहेरून नेमावीत.

अलकापुरी

नेमता येतात आणि नेमलीही जातात. पण नेमलेल्या माणसाला कोणी नेमायचे आणि त्याचे काम बरोबर आहे की नाही हे कोणी पाहायचे, हा अधिकार मंडळाकडेच राहतो. कार्यकारी संचालकाची नेमणूकही मंडळच करते. संस्थेचे काम आतून न पाहिलेल्या हिशेबनिसांचेच मंडळ बनवले, तर ते तूट भरून काढण्यासाठी कशावर कात्री लावेल? ज्या कामाचा आवाज सर्वांत लहान, त्याच्यावर. मराठीकरण त्यात पहिल्या काही नावांत असेल, अशी मला खरोखर भीती वाटते.

मांजलपूर

अलकापुरी यांनी विवरणपत्रे वाचण्याचा जो आग्रह धरला आहे, तो मला या चर्चेतील सर्वांत उपयोगाचा वाटतो, आणि न्यायमंदिर यांच्या माहितीनंतर स्थानिक संस्था परदेशी पैशावर चालवण्याची कल्पना मी सोडून देतो. ती येथल्या वर्गणीवरच चालवावी लागेल. उमेदवारीविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही. आडव्या र ची यादी पुढील दोन वर्षे कोण तपासणार, त्या व्यक्तीने होकार दिला आहे का आणि तिला फाँटच्या चुका नोंदवण्याची पद्धत शिकवून झाली आहे का, हे उमेदवारीच्या निवेदनाआधी गटात ठरले पाहिजे.

मीही सभासद आहे आणि मतदान पसंतीक्रमाने होते. निवेदनात गंगाजळीविषयी ठाम भूमिका असेल आणि मागे राहणाऱ्या कामाची व्यवस्था झालेली असेल, तर मी त्यांना वरची पसंती देईन. केवळ त्या आपल्या गावच्या आहेत म्हणून देणार नाही, आणि हे मी त्यांना प्रत्यक्षही सांगितले आहे.

सुरसागर

यादीचे काम मी घेतो. येत्या रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर बसून पद्धत समजून घेणार आहे. गटातील आणखी एकाने तरी यावे, म्हणजे ते पुन्हा एकाच माणसावर राहणार नाही. विवरणपत्रे वाचण्यासाठी अलकापुरी यांनी वेळ द्यावा अशी त्यांना विनंती आहे, आणि विम्याविषयीचे पत्र न्यायमंदिर यांनी पाठवण्याआधी एकदा पाहून द्यावे.