बीजगणित-भूमितीचा गृहपाठ: तुमच्या घरी पायरी कुठं निसटते? कोल्हापूरकरांचे अनुभव

राजारामपुरी
मुलगा नववीत. काल रात्री वही माझ्यापुढं आपटली, "उत्तर जुळंना." गणित होतं ५क्ष − ३(क्ष − ४) = २०. पठ्ठ्यानं कंस सोडवून लिहिलं ५क्ष − ३क्ष − १२ = २०, म्हणून क्ष = १६. म्हटलं, ताळा कर. ८० वजा ३६, आले ४४! उणे तीन गुणिले उणे चार म्हणजे अधिक बारा, हे वेगळ्या ओळीत लिहायला लावलं. २क्ष = ८, क्ष = ४. चूक एका चिन्हाची, धुसफूस पाऊण तासाची. तुमच्याकडं काय चालतं, लिहा.

शिवाजी पेठ
आमचं घोडं भूमितीत अडायचं. समद्विभुज त्रिकोण, शिरोबिंदूतून पायावर लंब. दोन्ही तुकडे एकरूप दाखवा. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, "आकृतीत दिसतंय की." सरांनी वही वर्गात वाचून दाखवली. मग फळ्यावर एकेक ओळ: दोन्ही काटकोन, लंबामुळं. कर्ण समान, पक्षात दिलंय. लंब सामाईक बाजू. म्हणून कर्णभुजा कसोटी. पंचवीस वर्षं झाली, अजून पाठ आहे.

कसबा बावडा, शिकवणी घेते
"बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे वाक्य मी बंद केलंय. ३क्ष = १२ आलं की पोरं ३ पलीकडं नेतात आणि उणे करून टाकतात, उत्तर उणे ४. आता एकच म्हणायचं: दोन्ही बाजूंना ३ नं भाग. एक ओळ जास्त लागते, लागू दे.

रंकाळ्याजवळून
एकसामयिक समीकरणं मुलीला मिसळीवर शिकवली. ३ मिसळ, २ चहा २६० रुपये. १ मिसळ, २ चहा १०० रुपये. वजा केलं की चहा उडतो, २ मिसळ १६०. मिसळ ८०, चहा १०. मग म्हणाली, "एवढंच होतं व्हय?"

उचगाव
बाबा गवंडी, शाळा चौथीपर्यंत. पाया आखताना कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट, दुसऱ्या दोरीवर ४ फूट खूण करायचे; तिरकं बरोबर ५ भरलं की म्हणायचे, "गुण्यात आहे," म्हणजे कोपरा काटकोनात. नाही भरलं तर खुंटी सरकवायची. दहावीला पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास आला (दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाएवढी भरली की समोरचा कोन काटकोन), ९ + १६ = २५, तेव्हा पुस्तक त्यांच्यापुढं धरलं. ते म्हणाले, "आम्ही सहा-आठ-दहा पण धरतो, मोठ्या पायाला." ३६ + ६४ = १००. मी तिथंच करून बघितलं.

राजारामपुरी
मिसळीचं गणित पोराला दिलं. सुटलं, ताळाही न सांगता केला. वर विचारतोय, जादा कट मागवला तर तो कुठल्या बाजूला लिहायचा?