गडग्याचा वाद आणि मनातला सूड: क्षमा नेमकी करायची कशी?

बंदरकाठ (वेंगुर्ले): चुलतभावाशी चिऱ्याच्या गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, अबोला आहे. दावा चालू आहे, मोजणीचा अर्जही दिलाय. दर रविवारी चर्चमध्ये ‘आमचे अपराध क्षमा कर’ म्हणतो, पण तो समोर दिसला की जीव जळतो. ‘आधी त्याने यावं’ हा हट्टही सुटत नाही. क्षमा करायची म्हणजे दावा सोडायचा का?

माडाचीवाडी: ‘आधी त्याने यावं’ याला शास्त्रात जागा नाही. बायबलातलं मत्तय 5:23-24 वाचा. वेदीपाशी असताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायचा. आणि मत्तय 18:15 मध्ये तर ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच जायला सांगितलंय. चूक कुणाचीही असो, उठायचं तुम्हीच.

जाण्याआधी रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. ‘त्याला सद्बुद्धी दे’ म्हणू नका, ती तक्रारच झाली. त्याच्या कलमांचा मोहर टिकू दे, पोरांना नोकरी लागू दे, असं मागा. जीभ अडखळेल, अडखळू दे. राग गेल्यावर क्षमा करू म्हणाल तर ते राहूनच जाईल. आधी ठरवायचं, मन मागून येतं.

मग एकटेच जा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच लिहू नका, मेसेज वाडीभर फिरतो. ‘मी तुला अमुक बोललो, ते चुकलं, माफ कर,’ एवढंच बोला. ‘पण तूही...’ म्हणालात की माफी तिथंच संपते आणि जुना हिशेब उघडतो. गडग्याचा विषय त्या दिवशी काढूच नका.

कातळसडा: दाव्याचं सांगतो. रोमकरांस पत्र 12:19 मध्ये सूड देवावर सोपवायला सांगितलंय, हद्द पुसायला नाही. मोजणी होऊ द्या. लगतच्या कब्जेदाराला नोटीस जातेच, पण तारीख तुम्ही स्वतः जाऊन सांगा आणि खुणा दोघांसमोर होऊ द्या. दाव्यातली जी मागणी केवळ त्याला खिजवायला घातलीय, ती मात्र काढा. कुठली ते तुम्हाला ठाऊक असतं.

तोडगा निघाला तर प्रकरण लोकअदालतीत न्या. तडजोडीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. वाद हातभर जमिनीचाच असेल तर 1 करिंथ 6:7 पण वाचा. आपणच नुकसान का सोसू नये, असं त्या पत्रात प्रेषित पौल विचारतो. माझ्या मते हातभर जागेसाठी भाऊ गमावू नये.

बंदरकाठ: आणि त्याने दारातूनच परत पाठवलं तर?

माडाचीवाडी: तर वाद घालू नका, परत या. क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघं लागतात. रोमकरांस 12:18 मध्येही ‘तुमच्याकडून होईल तितकं’ एवढंच मागितलंय. नंतर त्याच्या विश्वासातला एखादा माणूस किंवा फादरना सोबत घ्या, मत्तय 18:16 हेच सांगतं. मारहाणीची धमकी असेल तर मात्र पहिल्या खेपेलाही एकटे जाऊ नका.

तोवर त्याच्या फांदीवरचे जे आंबे तुमच्या बाजूला पडतात, ते टोपलीत भरून त्याच्या खळ्यात ठेवत जा. सांगायला थांबू नका. पावसाआधी गडगा ढासळला तर चिरे रचून घ्या, त्याच्या बाजूचेही.