जुन्या पॉप-रॉक फोटोंच्या कॅनव्हास प्रिंट घरात लावल्यात का? अनुभव सांगा

नवीन घरात हॉलची एक भिंत मोकळी आहे, चांगली दहा फुटी, आणि तिथे जुन्या पॉप-रॉकवाल्यांचे फोटो कॅनव्हासवर करून लावायचे असं घरात सगळ्यांचं ठरलंय. पहिलीच प्रिंट फसली म्हणून हा धागा काढतेय. बीटल्सचा रस्ता ओलांडतानाचा तो फोटो, ॲबी रोडवाला. मूळ फोटो चौकोनी, रेकॉर्डच्या कव्हरचा, आणि मी सोफ्याच्या मापाने 36 बाय 24 इंच सांगून मोकळी झाले. घरी आल्यावर बघते तर वरची झाडं गेलेली आणि खाली पॉल मॅकार्टनीचे अनवाणी पाय चौकटीच्या कडेवर दुमडून आत गेलेले, म्हणजे पाय बघायचे तर प्रिंटच्या खाली वाकायचं! इयान मॅकमिलनने तो 8 ऑगस्ट 1969 ला भर रस्त्यात शिडीवर चढून काढला, पोलिसाने गाड्या अडवून धरल्या होत्या, दहाएक मिनिटांत सहाच फोटो आणि त्यातला पाचवा निवडला. एवढा पारखून घेतलेला फोटो मी सोफ्यापायी कापला हे अजून खुपतंय. आता 30 बाय 30 करणार. तुम्ही काय लावलंय, कुठे लावलंय, काय चुकलं ते सविस्तर लिहा प्लीज.

पाचगणीहून

आमच्याकडे फ्रेडी मर्क्युरी, क्वीन बँडचा गायक. दुसरं कोण असणार, 1955 साली आठ वर्षांचा असताना इथल्या सेंट पीटर्समध्ये शिकायला आला आणि शाळेतच मित्रांबरोबर हेक्टिक्स नावाचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवायचा. आमचं छोटं होमस्टे आहे, तिथे जेवणाच्या खोलीत त्याची लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमातली प्रिंट आहे, 13 जुलै 1985, लंडनचं वेम्बली, पांढरी बनियन आणि दंडावर पट्टा. लोक जेवण सोडून त्याच्यासमोर उभे राहतात आणि मग शाळा कुठे आहे विचारतात, मला फार भारी वाटतं तेव्हा. पण इथला पाऊस माहितीये ना. पहिल्याच जुलैत कॅनव्हास सैल पडला, पोटाशी झोळ आला, आणि उतरवून बघितलं तर मागे बुरशीचे काळे ठिपके, कारण ती बाहेरची भिंत, ओल धरणारी. आमच्या फ्रेमवाल्या काकांनी चौकटीच्या चारी कोपऱ्यांत लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकल्या, कापड परत ढोलकीसारखं ताणलं. मागे बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवलेत, म्हणजे भिंत आणि कॅनव्हासमध्ये बोटभर हवा राहते. आणि आता तो आतल्या भिंतीवर आहे. बाहेरच्या भिंतीवर लावूच नका, कोकणातल्यांनी तर नाहीच.

नागपूर

ताई, नेटवरून उचललेला फोटो देऊ नका. 36 बाय 24 ला इंचामागे 150 पिक्सेल धरले तरी 5400 बाय 3600 लागतात, त्याहून फार कमी असेल तर चेहरे मेणासारखे येतात. परवानगीची प्रिंट विकणाऱ्यांकडूनच घ्या, फोटोग्राफरलाही त्याचं मिळतं.

डोंबिवली

आमचा फोटो कुठल्या स्टारचा नाही, चालेल ना? 1 नोव्हेंबर 1996 ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा शो झाला, माझा दादा आणि त्याचे तीन मित्र गेले होते. गेटबाहेर काढलेला फोटो, चौघांच्या डोक्यावर काळ्या हॅट, एकाच्याच हातात पांढरा मोजा कारण मोजा एकच मिळाला होता. प्रिंट पिवळी पडलेली पण निगेटिव्ह वहिनीने जपून ठेवली होती, ती स्कॅन करून दादाच्या पन्नाशीला 24 बाय 16 चा कॅनव्हास केला. 35 मिमीची निगेटिव्ह बरोबर याच प्रमाणात असते त्यामुळे काहीच कापावं लागलं नाही. स्कॅनवाला म्हणाला फिल्मचे बारीक दाणे दिसतील, दिसतातच, पण कॅनव्हासच्या विणीत ते असे मिसळतात की फोटो जुना वाटतो, खराब नाही वाटत. दुकानदार दाणे घालवून देतो म्हणाला होता, मी नको म्हटलं ते बरं झालं. त्यातला एक मित्र आता नाहीये. दादा बराच वेळ काही बोललाच नाही, नुसता त्या मोज्यावर बोट ठेवून उभा होता.

धागाकर्ती

डोंबिवली, तुमचं वाचून आईला फोन केला. बाबांच्या कॉलेजच्या ऑर्केस्ट्राच्या निगेटिव्ह माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत म्हणाली. रविवारी जातेय काढायला. बीटल्सशेजारी तेवढीच जागा ठेवतेय, आणि पाचगणीकर, बुचं जमवायला घेतली.