रेंडर लावला की डिस्प्ले जातो, पंखे मात्र जोरात सुटतात

अल्बमवाली_संगमेश्वर
नमस्कार मंडळी. लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिटिंग हे माझं घरून चालणारं काम. दोन महिन्यांपूर्वी 8 जीबीचं ग्राफिक्स कार्ड घेतलं, वापरलेलं. पहिले तीन आठवडे काही कुरकूर नव्हती. आता रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची तयार फाईल काढणं) लावला की दहा-पंधरा मिनिटांत मॉनिटर काळा, त्यावर 'नो सिग्नल', आणि कार्डाचे पंखे इतके जोरात सुटतात की स्वयंपाकघरात ऐकू येतात. गाणं मात्र स्पीकरवर चालूच असतं. नम लॉक दाबलं की कीबोर्डचा दिवा लागतो, विझतो. म्हणजे मशीन चालू आहे, चित्र तेवढं गेलंय. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा उठवायचा प्रयत्न केला, उपयोग नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि रेंडर पहिल्यापासून.

सेफ मोडमध्ये डीडीयू या सफाईच्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकला. केबल बदलली, दिरांचा मॉनिटर लावून पाहिला. पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यालाच दमट हवा लागते, म्हणून कार्ड काढून त्याची सोनेरी पट्टी खोडरबराने हलक्या हाताने पुसली. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. फोटोशॉपमध्ये दिवसभर काम केलं तरी काही होत नाही.

ज्यांच्याकडून घेतलं ते म्हणतात, पाठवा, तीन आठवडे लागतील. मला 12 तारखेला एका लग्नाचा व्हिडिओ द्यायचाय. लग्नानंतर आठवड्यात त्या मुलीचे आजोबा गेले. त्यांचं शेवटचं चालतं-बोलतं चित्र माझ्याकडे आहे. ही तारीख मला चुकवायची नाही.

तापमापक
ताई, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांची नोंदवही) 4101 क्रमांकाची नोंद दिसते का? कार्डाने 2 सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं, तेव्हा ती पडते. शिवाय मशीनचे आकडे दाखवणाऱ्या एचडब्ल्यू-इन्फोमध्ये लॉगिंग (आकड्यांची नोंद) चालू करून रेंडर लावा. डिस्प्ले गेला की फाईलची शेवटची ओळ बघा. तापमान किती आणि कार्डाला वीज देणाऱ्या 8 पिनच्या प्लगवर व्होल्टेज किती, एवढं इथे टाका.

अल्बमवाली_संगमेश्वर
4101 एकदाच आहे, गेल्या महिन्यातली. बाकी सगळीकडे 41, म्हणजे मी बटण दाबून बंद केलं त्याची. लॉगमध्ये तापमान 71. पहिल्या 8 पिनवर 11.9 व्होल्ट. दुसऱ्यावर सुरुवातीला 11.8, मग उतरत उतरत शेवटच्या ओळीत 11.0.

रिपेअरवाले_मिरज
ताई, उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे. 12 व्होल्टची लाईन 5 टक्के खालीवर झालेली चालते, म्हणजे 11.4 पर्यंत. त्याखाली गेली की कार्ड कधीही मान टाकू शकतं. कार्डावरचा ताबा सुटला की पंखे पूर्ण वेगाने फिरतात. प्रोसेसर आणि मदरबोर्डला वीज मिळतच असते, म्हणून गाणं थांबत नाही.

एक प्लग ठीक आणि दुसराच पडतोय, तेव्हा सगळा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) दमलाय असं मला वाटत नाही. दुसऱ्या प्लगची वायर कुठून येते ते बघा. मोलेक्सवरून (एसएमपीएसचा जुना 4 पिनचा प्लग) कन्व्हर्टर लावलाय का?

अल्बमवाली_संगमेश्वर
हो दादा. एसएमपीएस 450 वॅटचा, जुना. त्याला कार्डाची एकच वायर होती. बसवणाऱ्याने दुसऱ्या प्लगला कन्व्हर्टर लावून दिला. त्याची दोन पांढरी तोंडं मोलेक्समध्ये घातलीत, दोन्ही एकाच वायरीवर मागे-पुढे.

रिपेअरवाले_मिरज
मग दुखणं तिथेच. मोलेक्समध्ये पिवळी वायर 12 व्होल्टची, लाल 5 ची, दोन काळ्या ग्राउंडच्या. दोन तोंडं लावली तरी एसएमपीएसपासून येणारी पिवळी वायर एकच. कार्डाने त्या प्लगातून 120 वॅट ओढले तर त्या एका वायरीतून 10 अँपिअर जातात. 8 पिनच्या प्लगात 12 व्होल्टच्या तीन वायरी असतात, त्या उगाच नाहीत. वर कन्व्हर्टरमध्ये सेन्सच्या पिना (किती वीज मिळेल ते कार्डाला सांगणाऱ्या) ग्राउंडला जोडलेल्या असतात, त्यामुळे कार्डाला वाटतं की इथून 150 वॅट मिळणार. ते बिचारं भरवशाने ओढतं.

खात्री करायची तर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट 60 टक्क्यांवर आणून रेंडर लावा. टिकला तर कार्ड बहुधा ठणठणीत आहे. मग मशीन बंद करून, भिंतीतली पिन काढून ते मोलेक्स सोडवा आणि आत बघा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, आतले कपॅसिटर वीज धरून ठेवतात.

अल्बमवाली_संगमेश्वर
60 टक्क्यांवर पूर्ण 40 मिनिटांचा रेंडर झाला! मग मोलेक्स सोडवला. पहिलं तोंड सहज निघालं, दुसरं निघेना. हलवत हलवत काढलं तर पिवळ्या वायरीच्या भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं, एका कडेला वितळून पिनेला चिकटलेलं. नाकाशी नेलं तर जळका वास. दोन महिने रात्री रेंडर लावून मी झोपायला जात होते, हे आठवून हात थरथरले.

तापमापक
ताई, आता 60 टक्क्यांवरसुद्धा तो कन्व्हर्टर लावू नका. 650 वॅटचा चांगला एसएमपीएस घ्या आणि घेताना 6+2 पिनच्या (जोडून 8 होणाऱ्या) दोन वेगळ्या वायरी आहेत ना, ते डोळ्यांनी बघून घ्या. एकाच वायरीला दोन तोंडं असलेली नको.

अल्बमवाली_संगमेश्वर
काल रत्नागिरीहून 650 वॅटचा आणला, दोन स्वतंत्र वायरींचा. रात्री समोर बसून पूर्ण पॉवरवर दोन रेंडर केले. दोन्ही प्लगांवर कमीत कमी आकडा 11.9, पंखेही शांत. आजोबा मांडवात सुपारी कातरत बसलेत, तो भाग आधी काढून पाहिला. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

जुना एसएमपीएस मुलाच्या मशीनला चालेल का? त्यात ग्राफिक्स कार्ड नाही.

रिपेअरवाले_मिरज
नको ताई. तापलेल्या वायरीचं आवरण कुठवर कडक झालंय ते बाहेरून कळत नाही. ई-कचऱ्यात द्या. आणि देण्याआधी तो कन्व्हर्टर कात्रीने कापून टाका, म्हणजे दुसरं कोणी उचलून लावणार नाही.